पिशवी काढायची की ठेवायची?

मागे कुरडयांवर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र जरा निराळं होतं. गहू किती दिवस भिजवायचे, चिकावरचं पाणी कधी टाकायचं, हे सगळं विचारून झाल्यावर अगदी शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहावं तसं, त्या बाईंनी लिहिलं होतं, "चार वर्षं झाली, ओटीपोट दुखतं. डॉक्टर पिशवी काढून टाका म्हणतात. घरचे म्हणतात, तुझं तू बघ. तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. हे उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी आठ दिवस हात लावला नाही. कारण तो प्रश्न माझाही आहे आणि गेली दोन वर्षं मी तो उशाशी घेऊनच झोपते आहे.

तेव्हा आज पाककृती नाही, जुन्या साड्यांच्या गोधड्या नाहीत. आज हेच. डोकं दुखलं तर आपण चारचौघींत सांगतो, कपाळाला पट्टी बांधून फिरतो. पण कंबरेच्या खालचं दुखलं की "कसंतरी होतंय" एवढ्यावर भागवतो. डॉक्टरांसमोरसुद्धा तेवढंच बोलतो, आणि मग डॉक्टर जे समजतील ते खरं!

माझं दुखणं सुरू झालं तेव्हा मी चौतिशीत होते. दोन मुलं झालेली, धाकटा शाळेत जायला लागलेला. आमच्या खर्ड्याच्या हायस्कूलवर मी तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे, बुडाला तर बुडाला. पाळीच्या आधी चार दिवस ओटीपोटात कळा सुरू व्हायच्या, पाळीत तर उभं राहवायचं नाही, आणि पाळी गेल्यावरही कंबर धरलेली ती धरलेलीच. फळ्यावर लिहिताना एक हात टेबलावर टेकलेला असायचा. एकदा आठवीच्या मुलांना किल्ला दाखवायला घेऊन गेले. खर्ड्याची लढाई १७९५ ची, मराठ्यांनी निजामाला नमवलं ती. पुस्तकात दोन ओळींत आटोपलेली लढाई आमच्या मुलांना गावातच दाखवता येते, याचं मला मोठं अप्रूप. पण त्या दिवशी मुलं तटावर गेली आणि मी दरवाज्यातच एका दगडावर बसून राहिले. एक मुलगी खाली येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, ओव्याचं पाणी, हे सगळं झालं. जावेनं सांगितलेला काढाही झाला. दोन वर्षं अशी काढल्यावर एका मोठ्या गावातल्या खाजगी दवाखान्यात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, दवाखान्याचं तर नाहीच. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट वरवर चाळला आणि म्हणाले, "पिशवीला सूज आहे. मुलं किती? दोन ना? मग आता ठेवून काय करायचीय? काढून टाकू. उगाच पुढं कॅन्सर व्हायला नको." पुढच्या गुरुवारची तारीखसुद्धा सांगितली. मला तपासायला त्यांनी हातही लावला नव्हता. दुखतं कधी, कुठे, किती दिवस, यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं झाली असतील. त्याहून जास्त वेळ मी साडीचा काठ निवडायला घेते.

कॅन्सर हा शब्द ऐकला की माणूस पुढचं काही ऐकत नाही. येताना एसटीत आम्ही दोघंही गप्प होतो. घरी आल्यावर मात्र ज्याला त्याला बोलायचं होतं. थोरल्या जाऊबाईंची पिशवी सहा वर्षांपूर्वी काढलेली, मोठ्या गाठी होत्या म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं टाक काढून, सुटशील. मी बघ कशी झालेय." आणि ते खरं आहे. त्या खरोखरच सुटल्या, पूर्वी अंगावरून जाऊन जाऊन पांढऱ्याफटक पडायच्या, त्या आता शेतात पुरुषासारखं काम करतात. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं हे काढणं-बिढणं? दुखायचं तवर दुखायचं आणि एक दिवस थांबायचं." आणि हे म्हणाले, "तुला जे बरं वाटेल ते कर. पैशाचं मी बघतो." ह्यांचा स्वभाव चांगला आहे, पण खरं सांगते, त्या दिवशी मला त्या चांगुलपणाचा रागच आला. ठरवण्याचं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवून माणूस मोकळा होतो आणि वर आपण त्याचं कौतुक करायचं!

गुरुवारी मी गेले नाही. का गेले नाही, तर आमच्याकडे धुणंभांड्याला येते तिच्यामुळे.

ती आणि तिचा नवरा दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आमचा जामखेड तालुका, शेजारचे पाटोदा, आष्टी, तिकडे पाथर्डी, या सगळ्या कोरडवाहू भागातून दर वर्षी गाड्या भरभरून माणसं पश्चिमेच्या कारखान्यांवर जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडेपर्यंत तोडायचं. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पाळी आली म्हणून कुणी मोळी डोक्यावरून उतरवत नाही. पाल टाकून राहायचं, संडास नाही, न्हाणी नाही, कपडा बदलायला उसाचाच आडोसा. तिची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेली. कशासाठी, तर अंगावरून पांढरं जात होतं आणि कंबर दुखत होती. मी तिला माझं सांगितलं तेव्हा ती भांडं हातात तसंच धरून म्हणाली, "बाई, पिशवी गेली, पर कंबर काय ऱ्हायली न्हाई. वरून अंगातनं वाफा निघत्यात, रातरात झोप न्हाई. आणि त्या दुखण्याच्या कर्जाची उचल आजून फिटली न्हाई."

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं, त्याला गोळ्यांचं औषध असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला तर नव्हतंच.

तुम्हांला आठवत असेल, २०१९ साली हा विषय वर्तमानपत्रांत फार गाजला होता. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांतून ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या, असं आरोग्यमंत्र्यांनी त्या वर्षी विधिमंडळात सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशाची पाहणी २०१५-१६ साली झाली, तिच्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. आकडे वाचताना मी बोटांवर आमची गल्ली मोजली. मोजता मोजता दुसरा हात लागला.

बीडमध्ये पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करायची नाही असा नियम झाला. केंद्र सरकारनं २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. ते प्रकरण मूळचं राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधलं, २०१३ साली दाखल झालेलं. म्हणजे उसाचा फड नसला तरी बाई गरीब असली की गोष्ट तीच.

पण मैत्रिणींनो, या बातम्यांचा एक उलटा परिणामही मी पाहिला. कुणाची पिशवी काढली म्हटलं की आता बायका डोळे मोठे करतात, "फसवलं गं तुला" म्हणतात. जाऊबाईंना कुणी फसवलेलं नव्हतं. आणि सासूबाईंचं तर ऐकाच. आमच्या घरात हे सगळं बोलणं चाललेलं असताना एका रात्री त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "सूनबाई, माझं अंग बाहेर येतंय. वीस वर्षं झाली. बसले की टोचतं." वीस वर्षं! या बाईनं वीस वर्षं आमच्या सगळ्यांचं धुणं वाकून धुतलं, लेकीला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. अंग बाहेर येण्याला आत बसवायची कडी असते, व्यायाम असतात, आणि नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया असते. त्यांना कडी बसवून आणली. परत येताना गाडीत मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आधी का न्हाई सांगितलंस असं असतं म्हून?"

तेव्हा शस्त्रक्रिया वाईट असं मुळीच नाही. कुणाला गरज नसताना होते, कुणाला गरज असून मिळत नाही. आपलं कशात बसतं ते कळायचं कसं, हा खरा प्रश्न.

आमचं जामखेड त्या बाबतीत नशीबवान. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या, पुष्कळदा अक्षरशत्रू असलेल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. माझी पदवी कला शाखेची, पण "दुखतं म्हणजे नेमकं काय, ते लिहून ठेव" ही अक्कल मला माहेरकडच्या एका म्हातारीनं दिली, आणि ती अशाच शिकवलेल्या बाईकडून शिकली होती. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं म्हणून ती भिंतीवर चुन्याची बोटं उमटवायची.

मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहायला लागले, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. दुखलं त्या दिवशी फुली. किती दुखलं ते दहापैकी किती असं, आपण मुलांना गुण देतो तसं. कुठे दुखलं, ओटीपोटात की कंबरेत की मांडीत. किती कपडे बदलावे लागले, गाठी पडल्या का. गोळी किती घेतली. शौचाला किंवा लघवीला जाताना दुखलं का. आणि नवराबायकोच्या संबंधांच्या वेळी दुखलं का तेही, एक बारीक टिंब देऊन, म्हणजे पोरांना कळू नये. तीन महिन्यांत मला स्वतःलाच एक गोष्ट दिसली. माझी दुखणी दोन होती. एक पाळीबरोबर येणारं आणि जाणारं, दुसरं कंबरेचं, जे पाळीशी काही देणंघेणं न ठेवता पाण्याचे हंडे उचलल्याच्या आणि सलग तीन तास शिकवल्याच्या दिवशी यायचं. आजवर मी दोन्हींना एकच समजून चालले होते.

हे कागद घेऊन आम्ही नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर नगरच येतं. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दिनदर्शिकेची पानं एकेक करून पाहिली, नीट तपासलं, रक्त तपासायला दिलं, पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना घेतला. हिमोग्लोबिन निघालं ८.२. बायकांचं १२ च्या खाली नसावं. मी जिन्यावर धापा टाकायची ते वयानं नव्हे तर! सोनोग्राफी पुन्हा केली आणि चित्र काढून समजावलं, की पिशवीच्या आतलं अस्तर तिच्या स्नायूंच्या भिंतीत घुसलं आहे, म्हणून ती फुगते, पाळीत दुखते आणि रक्त जास्त जातं. याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. हा कॅन्सर नाही. नुसतं "पिशवी मोठी" हा तर काही रोगच नव्हे, बाळंतपणं झालेल्या पुष्कळ जणींची ती थोडी मोठीच असते.

कॅन्सरचं त्यांनी जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण भीती त्याचीच घातली जाते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्या आधी तो तपासणीत सापडतो. आणि हे सिद्ध कुठे झालं, तर आमच्या शिवेपलीकडे, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात! बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि परदेशातली एक संस्था यांनी मिळून तिथल्या खेड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया अभ्यासात घेतल्या होत्या. २००९ साली निष्कर्ष छापून आला, की त्या विषाणूची नुसती एकदा तपासणी करून पुढचे उपचार दिले, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे भीती वाटत असेल तर तपासणी करून घ्यायची. भीती वाटते म्हणून पिशवी काढायची नाही.

मग मी वहीतले प्रश्न काढले. वही न्यावी, लाजू नये. काढली नाही तर काय होईल? काढली तर माझ्या दोनपैकी कुठलं दुखणं जाईल? त्याआधी करून पाहण्यासारखं काय आहे? बीजांडकोश, ज्यांना डॉक्टर ओव्हरी म्हणतात, ते ठेवणार की तेही काढणार? हा शेवटचा प्रश्न मला आमच्या धुणेवालीच्या "वाफा निघत्यात" या शब्दांनी सुचवला होता. पिशवी गेली तर पाळी जाते. पण बीजांडकोश गेले तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येऊन आदळतं, अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयालाही धोका. ते जागेवर ठेवले तरी काही जणींची पाळी जाण्याची लक्षणं थोडी आधी येतात. तिच्या कागदांवर दोन्ही काढल्याचं लिहिलेलं होतं, हे मी नंतर वाचलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला वाचता येत नव्हतं.

बाईंनी सरळ सांगितलं, "पाळीचं दुखणं जाईल. कंबरेचं जाईल असं मी म्हणणार नाही, ते पिशवीचं दिसत नाही. आणि दुखणं फार वर्षं राहिलं की नसांनाच दुखायची सवय लागते, म्हणून काढल्यावरही काही जणींचं थोडंफार दुखत राहतं. घाई नाही. आधी रक्त वाढवू." कुणी डॉक्टर "नाही" म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही, एवढं पथ्य. तांबीसारखीच दिसणारी पण आतून थोडं थोडं हार्मोन सोडणारी वस्तू पिशवीत बसवली. पहिले चार महिने सारखं थोडं थोडं डाग दिसत होतं, मी वैतागले, ती काढून टाका म्हणायला दोनदा निघालेही. मग रक्त जाणं खरंच कमी झालं. कंबरेसाठी व्यायाम शिकवले, हंडा डोक्यावर न घेता दोन कळश्या दोन हातांत घ्यायला लागले, आणि शाळेत फळ्याजवळ एक उंच स्टूल ठेवून घेतलं. हेडमास्तरांनी कुरकुर केली, पण ठेवू दिलं. वर्षभरात हिमोग्लोबिन ११.६ झालं. दिनदर्शिकेवर महिन्याला बारा-तेरा फुल्या असायच्या, त्या पाच-सहावर आल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले, की बघा, वाचली माझी पिशवी.

आता पुढचं. गेल्या दिवाळीपासून फुल्या परत वाढल्या. रक्त जात नाही, पण कळा येतात, आणि आल्या की दहापैकी आठ-नऊच. पिशवी आणखी मोठी झाली आहे. हार्मोनच्या गोळ्या दिल्या, त्यांनी दुखणं कमी झालं पण माझं डोकं ठिकाणावर राहीना. मुलांवर ओरडायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. सहा महिने घेतल्या आणि बंद केल्या. बाई म्हणाल्या, अजून थांबता येईल. पाळी जाईपर्यंत, म्हणजे दहा-बारा वर्षं, कमीजास्त करत काढताही येतील. धोका काही नाही. ठरवायचं तुम्ही.

पुन्हा तेच, तुझं तू बघ! पण या वेळी ते ओझं वाटलं नाही. एका रात्री मी दोन वर्षांच्या दिनदर्शिका जमिनीवर पसरल्या आणि ह्यांना शेजारी बसवलं. म्हटलं, मला उत्तर नको, नुसतं मोजा माझ्याबरोबर. ह्यांनी बोट ठेवून ठेवून फुल्या मोजल्या. मार्चच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "या दिवशी आपण लग्नाला गेलो होतो की. तू तर नाचलीस वरातीत." मी म्हटलं, हो, दोन गोळ्या घेऊन. मग बराच वेळ बोलले नाहीत.

मी काढायची ठरवली आहे. सूज आहे म्हणून नाही, कॅन्सरच्या भीतीनं नाही, दोन मुलं झाली म्हणून तर नाहीच. माझं रक्त आता भरलेलं आहे, बाकीचं करून झालेलं आहे, आणि यातनं माझं कुठलं दुखणं जाईल आणि कुठलं राहील हे मला ठाऊक आहे. दहा वर्षं दर महिन्याला आठ दिवस असे काढायची माझी तयारी नाही. दुसरी बाई माझ्या जागी असती आणि थांबते म्हणाली असती, तर तिचंही बरोबर असतं. पिशवी आणि नळ्या काढायच्या, बीजांडकोश ठेवायचे, हे कागदावर लिहून घेतलं आहे आणि सही करण्याआधी स्वतः वाचलं आहे. सहीच्या कागदाची एक प्रत मागून घेतली, ती हक्कानं मागावी.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीला एवढंच लिहिते, की मी असते तर आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले असते आणि रक्त तपासलं असतं. दुखण्याची फुली कधी पडते ते तीन महिने लिहिलं असतं. रक्त फार जात असेल, पाळी नसतानाही जात असेल, किंवा पाळी गेल्यावर परत लाल दिसलं असेल, तर मात्र तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. नुसत्या पोटदुखीसाठी पुढच्या गुरुवारची घाई बहुधा कुणालाच नसते. खर्चाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली काय बसतं ते पैसे उसने काढायच्या आधी विचारून यावं. आमच्या धुणेवालीनं ते विचारलं नव्हतं.

तिची थोरली बहीण, तीही ऊसतोडीलाच जाते, परवा माझ्याकडे कागद घेऊन आली होती. तिलाही काढायला सांगितलंय. कागदावर नुसती "सूज" होती. वय एकतीस. मी तिला आपल्या आरोग्य केंद्रात पाठवलं आहे. औषधानं पांढरं जाणं थांबलं तर बघू म्हणाली. थांबलं नाही तर दसऱ्याच्या आत काढीन म्हणते, कारण नंतर खाडा पडेल. तिच्याशी वाद घालायला मला तोंड नव्हतं. माझी तारीख मी वार्षिक परीक्षा झाल्यावरची घेतली आहे, तास बुडू नयेत म्हणून.

पहिले सहा आठवडे जड उचलायचं नाही. भाकऱ्या जाऊबाई बघणार आहेत. पाण्याचं ह्यांनी अंगावर घेतलं आहे, कळशीला रंगीत दोरी बांधून ठेवली आहे म्हणजे मी चुकून हात लावणार नाही. सासूबाई रोज एकदा विचारतात, "कडी बसवून भागंल का गं तुझं?" आणि मी रोज एकदा नाही म्हणते. पुढच्या तीन आठवड्यांचे लेख संपादकांकडे देऊन ठेवले आहेत. कैरीच्या लोणच्याचा आहे, त्यात बरणी उन्हात ठेवायला सांगितली आहे, ती या वर्षी आमच्याकडे थोरला मुलगा उचलेल. एक आंबाडीचा आहे. तिसरा गाद्या-उशांना ऊन देण्याचा.